एककाचे बटण

आकाशवाणीचे नगर केंद्र एफएमवर 100.1 मेगाहर्ट्झला लागते. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रम ॲनलायझरला, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे त्याचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला, ओढून लांब करायची साधी अँटेना जोडली, तर हे केंद्र डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी बोटांना जे काम करावे लागते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. यंत्राच्या फ्रंट पॅनेलवर ‘फ्रीक्वेन्सी’ लिहिलेले मोठे बटण असते, ते आधी दाबायचे. मग आकड्यांच्या बटणांवरून एक, शून्य, शून्य, टिंब, एक. एवढे झाले तरी यंत्राने अजून काहीच केलेले नसते. आकडा पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेला असतो, पण आलेख आधी होता तिथेच असतो. आकड्यांच्या शेजारी एक उभी ओळ असते, तिच्यात गिगाहर्ट्झ, मेगाहर्ट्झ, किलोहर्ट्झ आणि हर्ट्झ अशी चार बटणे असतात. त्यांतले मेगाहर्ट्झ दाबले की यंत्र हलते. मग तसाच ‘स्पॅन’, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या पट्ट्याची रुंदी, 1 मेगाहर्ट्झ भरला, की पडद्याच्या मधोमध दीड-दोनशे किलोहर्ट्झ रुंदीचा एक उंचवटा उभा राहतो आणि निवेदकाच्या बोलण्यासरशी, गाण्यासरशी थरथरत, रुंद-अरुंद होत राहतो. आधी कशाबद्दल बोलायचे ते, मग किती ते, आणि शेवटी कशात ते, हा तो क्रम. टचस्क्रीन आले, ‘ऑटो’चे बटण आले, संगणकावरून यंत्रे चालू लागली, तेव्हा आता ही आकडे भरायची बटणे म्हणजे जुन्या काळाचे ओझे आहे, असे हल्ली बरेचदा ऐकू येते. मला हे म्हणणे मुळातच पटत नाही. या बटणांच्या क्रमात मापनाचा एक संपूर्ण विचार बांधलेला आहे. तो विचार शिकवायला याहून चांगले साधन आपल्या प्रयोगशाळांत दुसरे नाही.

हा क्रम फार जुना नाही. सत्तरच्या दशकापर्यंतची अशी यंत्रे प्रामुख्याने नॉबवर आणि डायलवर चालत. माणूस नॉब फिरवायचा, काटा किंवा डायलवरची रेघ सरकायची, आणि आपण कुठे पोचलो ते पोचल्यावर वाचायचे. ह्युलेट-पॅकार्डने 1978 मध्ये 8568ए हा मायक्रोप्रोसेसरवर चालणारा ॲनलायझर आणला, तेव्हा फ्रंट पॅनेलची मांडणीच बदलली. कार्य निवडायची बटणे एका बाजूला आणि मूल्य भरायची सामग्री एका बाजूला आली. त्या सामग्रीत एक नॉब, वर-खाली जाणारी दोन बाणांची बटणे, आकडे आणि आकडा पूर्ण करणारी एककाची बटणे होती. पुढच्या साडेचार दशकांत कंपन्या बदलल्या, पडदे रंगीत झाले, पण ही मांडणी जवळजवळ तशीच टिकली. ती टिकली यामागे सवयीचा भाग असेलही. मला मात्र त्यामागचे खरे कारण असे दिसते, की या तीन साधनांची कामे वेगळी आहेत. नॉब शोधण्यासाठी असतो. काहीतरी कुठेतरी आहे, नेमके कुठे ते माहीत नाही, तेव्हा नॉब हळूहळू फिरवण्याला पर्याय नाही. बाणांची बटणे ठरलेल्या टप्प्यांनी पुढेमागे जाण्यासाठी. आकड्यांची बटणे मात्र ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी असतात. जिल्ह्याची हद्द ओलांडली की जुन्नर तालुक्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे अभ्यासल्या जाणाऱ्या उदासीन हायड्रोजनची रेषा 1420.4 मेगाहर्ट्झला असते हे ज्याने वाचले आहे, तो ती नॉबने चाचपडत शोधणार नाही, आकडा भरेल. आकडा भरणे म्हणजे यंत्रापुढे विधान करणे: मला अमुक ठिकाणी पाहायचे आहे, आणि का ते मला ठाऊक आहे. विद्यार्थ्याला हे विधान करायला लावणे हीच प्रयोगाची पहिली पायरी आहे, असे मी मानतो.

एकक शेवटी का? आणि आकडा पूर्ण झाल्याची खूण म्हणून एककच का? नेप्तीच्या कांदा बाजारात ‘अठराशे’ असा पुकारा झाला, की तो क्विंटलचा भाव आहे हे शेतकऱ्याला, आडत्याला, हमालाला सगळ्यांना कळते. तिथे एकक रिवाजाने भरून निघते, कारण किलोला अठराशे रुपये कोणी देणार नाही हे सगळेच जाणतात. यंत्राला असा रिवाज नाही. अगदी सामान्य ॲनलायझरही 9 किलोहर्ट्झपासून 3 गिगाहर्ट्झपर्यंत पाहतो. या दोन टोकांत तीन लाख पटींहून जास्त अंतर आहे. या पट्ट्यात नुसता 100.1 हा आकडा किलोहर्ट्झचाही असू शकतो आणि मेगाहर्ट्झचाही, आणि दोन्ही वेळा यंत्र तक्रार न करता तिथे जाईल. म्हणून मांडणी करणाऱ्यांनी वेगळे ‘एंटर’ ठेवण्याऐवजी एककालाच ते काम दिले, हा निर्णय मला विलक्षण शहाणपणाचा वाटतो. वेगळे ‘एंटर’ असते तर एकक ही एक सेटिंग झाली असती, म्हणजे कधीतरी एकदा ठरवलेली आणि मग विसरलेली गोष्ट. इथे ती विसरताच येत नाही. प्रत्येक आकड्याबरोबर माणसाला पुन्हा एकदा सांगावे लागते, की हे कशात मोजलेले आहे. आणि चूक झालीच, मेगाऐवजी किलो दाबले गेले, तर ती लगेच दिसते. आकाशवाणीचा उंचवटा नाहीसा होतो आणि पडद्यावर भलताच प्रदेश येतो. सहस्रपटीची चूक लपून राहू शकत नाही, हा या मांडणीचा दुसरा गुण.

हे सारे प्रयोगवहीपुरते नाही, हे समजायला याच जिल्ह्यात फार लांब जावे लागत नाही. नगरजवळ वाहननगरला संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची व्हीआरडीई ही वाहनांची संस्था आहे. तिचे मूळ फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याला होते आणि 1947 मध्ये ती नगरला आली. सैन्याच्या वाहनांखेरीज तुमच्या-आमच्या वाहनांशीही तिचा संबंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमाने नव्या वाहनाचा नमुना ज्या संस्थांकडून तपासून घ्यायचा असतो, त्यांत तिचे नाव आहे. देशभर वाहनचाचणीची केंद्रे उभारण्याचा नॅट्रिप हा केंद्र सरकारचा प्रकल्प 2005 नंतर सुरू झाला, त्यात इथे विद्युतचुंबकीय सुसंगतीच्या चाचण्यांची सोय वाढवण्याचे ठरले. या चाचण्यांचा हेतू सोपा आहे. पेट्रोलच्या इंजिनातली ठिणगी ही एक छोटा रेडिओ-प्रक्षेपकच असते. 1972 पासून नगरने देशाला दिलेली लुना मोपेड शेजारून गेली की रेडिओत खरखर होई, ती या ठिणगीचीच. विजेवरच्या वाहनांत ठिणगी नसते, पण मोटर चालवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो आणि त्याचा गोंगाट बराच वरपर्यंत पसरतो. हा गोंगाट किती आहे हे अँटेना 10 किंवा 3 मीटरवर ठेवून 30 ते 1000 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोजतात, आणि मोजताना यंत्राची बँडविड्थ 120 किलोहर्ट्झ हवी असे मानक सांगते. हा 120 पाहा. बाणाच्या बटणांनी सामान्य ॲनलायझरची बँडविड्थ 10, 30, 100, 300 अशा टप्प्यांनी वाढते. त्या रांगेत 120 येतच नाही. मानक वाचलेल्या माणसाने तो मुद्दाम निवडायचा असतो. नॉब फिरवत राहणाऱ्याला तो कधीही योगायोगाने सापडणार नाही.

दुसरी चाचणी उलटी असते. बाहेरच्या रेडिओलहरींनी वाहन बावचळते का ते तिथे पाहतात. लहरी शोषून घेणाऱ्या भिंतींच्या दालनात रोलरवर गाडी ताशी 50 किलोमीटरने चालत असते आणि तिच्यावर मीटरला 30 व्होल्टचे क्षेत्र सोडले जाते. इथे सिग्नल जनरेटरवर एक छोटे बटण फार महत्त्वाचे असते, अधिक-उण्याचे. जनरेटरची शक्ती डीबीएममध्ये भरतात. शून्य म्हणजे एक मिलिवॉट. उणे दहा भरायचे असताना उणे चिन्ह राहून गेले, तर फरक वीस डेसिबलचा होतो, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर शंभरपट शक्ती येऊन धडकते. म्हणूनच अशा यंत्रांवर ‘आरएफ ऑन’ हे बटण आकड्यांपासून वेगळे, थोडे अंतर राखून ठेवलेले असते. मूल्य भरणे आणि ते बाहेर सोडणे या दोन कृती आहेत आणि त्यांच्या मध्ये माणसाला एकदा पडद्याकडे पाहायला सवड मिळते. प्रयोगशाळेतल्या साध्या डीसी पॉवर सप्लायवरही आता ‘आउटपुट’चे असे वेगळे बटण असते. किती व्होल्ट, किती अँपिअरची मर्यादा, हे आधी भरायचे, वाचायचे, मग सोडायचे. ज्या विद्यार्थ्याच्या बोटांना हा क्रम लागला, त्याच्या हातून सर्किट जळण्याची शक्यता खूपच कमी होते.

यावर जाणकार म्हणतील, की अशा चाचणीगृहात आता कोणी बटणे दाबत नाही. संगणकातला प्रोग्रॅम हजारो वारंवारतांवरून यंत्राला चालवत नेतो आणि फ्रंट पॅनेलला कुणी हातही लावत नाही. हे खरे आहे. पण त्या प्रोग्रॅमातली आज्ञा पाहू. 1990 मध्ये यंत्रनिर्मात्यांनी मिळून एससीपीआय नावाची आज्ञांची सामाईक भाषा ठरवली. तिच्यात वारंवारतेच्या आज्ञेपुढे नुसता 100 लिहून पाठवला, तर यंत्र त्याला 100 हर्ट्झ समजते. एकक दिले नाही तरी चालते, कारण ते गृहीत धरलेले असते. त्याच भाषेत नुसता ‘एम’ बहुतेक ठिकाणी मिलीचा असतो, पण हर्ट्झच्या आधी लागला की मेगाचा होतो. पॅनेलवर जे अशक्य आहे, म्हणजे एककाशिवाय आकडा पुढे जाणे, ते इथे सहज घडते. 1999 मध्ये मंगळाजवळ नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर गमावले गेले, कारण एका प्रोग्रॅमने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद म्हणून वाचले. फरक साधारण साडेचार पटीचा होता. सहस्रपटीची चूक पडद्यावर ओरडून सांगते, साडेचार पटीची महिनोन्‌महिने गप्प बसू शकते. तेव्हा संगणक आला म्हणून पॅनेलवरची शिस्त निरुपयोगी झाली, हा निष्कर्ष उलटा आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती शिस्त आधी कुठेतरी अंगी बाणवलेली असली पाहिजे, तरच तो आपल्या आज्ञेत एकक लिहील.

शिवाय चाचणी शेवटपर्यंत संगणकाच्या हातात राहत नाही. मानकातली ‘क्वासी-पीक’ पद्धतीची मोजणी संथ असते, म्हणून प्रोग्रॅम आधी भरभर सगळा पट्टा झाडून घेतो आणि मर्यादेच्या जवळ गेलेली काही शिखरे वेगळी काढतो. त्यांतल्या एखाद्या शिखराबद्दल शंका आली, हे गाडीचे की बाहेरच्या एखाद्या प्रक्षेपकाचे असे वाटले, तर अभियंता यंत्रापाशी येतो. संगणकाने ताबा घेतलेला असताना पॅनेलवरची बाकीची बटणे दाद देत नाहीत. ‘लोकल’ लिहिलेले एक बटण तेवढे चालते, आणि ते दाबले की यंत्र पुन्हा माणसाचे होते. मग तो वारंवारता भरतो, स्पॅन कमी करतो, इग्निशन बंद करायला सांगतो आणि शिखर जाते की राहते ते पाहतो. निवाडा इथे होतो. हा निवाडा करणारा आकडे भरण्यापासूनच चाचरत असेल, तर प्रोग्रॅम कितीही हुशार असून उपयोग काय?

टचस्क्रीनविषयीचा आक्षेप मला तितकासा भक्कम वाटत नाही. चांगल्या टचस्क्रीनवर आकडे भरायला गेले की तीच पाटी उघडते, तेच दहा अंक आणि त्यांच्या बाजूला तीच एककांची ओळ. क्रम टिकला असेल, तर काचेशी माझे भांडण नाही. फक्त दोन गोष्टी सुटतात. काचेवरची पाटी बरेचदा आलेखाचाच काही भाग झाकून टाकते, आणि बोट कुठे पडते हे पाहायला नजर आलेखावरून काढावी लागते. उठावाची बटणे असली, पाचावर बारीक टेंगूळ असले, की सरावलेला हात न पाहता आकडा भरतो आणि डोळे शिखरावरच राहतात. यातच एक अडचण आहे, जिच्याकडे शिक्षकांचे लक्ष जायला हवे. यंत्रावरच्या आकड्यांची रचना कॅल्क्युलेटरसारखी असते, वरच्या ओळीत 7, 8, 9. टेलिफोनची रचना उलटी, वर 1, 2, 3. ती बेल प्रयोगशाळेने साठच्या दशकाच्या तोंडाशी लोकांवर प्रयोग करून ठरवली आणि तीच पुढे मोबाइलवर आली. आजच्या मुलाची बोटे मोबाइलवर घडलेली आहेत. तो न पाहता 100.1 भरायला गेला तर यंत्रावर 700.7 उमटते. मधली ओळ दोन्हीकडे सारखीच, म्हणून 455 सारखा आकडा मात्र बरोबर भरला जातो आणि चुकीचे कारण कळायला वेळ लागतो. पहिल्या प्रॅक्टिकललाच हे सांगून टाकले, तर पुढचा कितीतरी गोंधळ वाचेल.

खरा चिंतेचा विषय ‘ऑटो’चे बटण हा आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे 1983 च्या सुमारास अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा पहिल्यांदा घराजवळ मिळाली. ही या जिल्ह्याची मोठी कमाई आहे. पण आज कोणत्याही महाविद्यालयात ऑसिलोस्कोप लावला की पहिले बोट ‘ऑटो’वर जाण्याचा मोह असतो. यंत्र स्वतःच व्होल्ट आणि वेळेची पट्टी निवडते, तरंग पडद्यावर स्थिर करते आणि विद्यार्थी वहीत आकडे उतरवून घेतो. प्रॅक्टिकल दोन तासांचे, एका टेबलावर चार-पाच जण, यंत्रे थोडी. अशा वेळी ‘ऑटो’ दाबू नका म्हणणे शिक्षकाला जड जाते, हे मी समजू शकतो. तरीही ते म्हटले पाहिजे. 1 किलोहर्ट्झचा तरंग पाहायचा तर त्याचा एक फेरा 1 मिलिसेकंदाचा, म्हणून पडद्याच्या एका घराला 200 मायक्रोसेकंद ठेवले तर दहा घरांत दोन फेरे बसतील. हा हिशेब विद्यार्थ्याने यंत्राला हात लावण्याआधी करायचा आहे. ‘ऑटो’ तो हिशेब हिरावून घेते. शिक्षणासाठी बनवलेल्या काही ऑसिलोस्कोपांवर शिक्षकाला ‘ऑटोसेट’ बंद करून ठेवता येते. यंत्र बनवणाऱ्यांनाही ही काळजी पटलेली आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. ती सोय असेल तिथे ती वापरावी, आणि नसेल तिथे विद्यार्थ्याने अपेक्षित मूल्ये एककासह आधी वहीत लिहावीत, शिक्षकाने ती पाहावीत आणि मगच यंत्र चालू करू द्यावे. त्याला पैसा लागत नाही.

आता या बटणांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप उरतो, आणि तो मला बराचसा मान्य आहे. आकडे भरता आले की माणसाला अचूकतेचा भ्रम होतो. 100.123456 मेगाहर्ट्झ भरले तर यंत्र ते निमूट घेते आणि पडद्यावर सगळे अंक दाखवते. पण आतल्या स्फटिकाच्या घड्याळात दशलक्षात एक भाग इतकीच चूक धरली, तरी 100 मेगाहर्ट्झला ती 100 हर्ट्झ होते. म्हणजे टिंबानंतरच्या चौथ्या अंकाशीच खात्री डळमळते आणि शेवटचे अंक निव्वळ शोभेचे ठरतात. जुन्या डायलवर काटा दोन रेघांच्या मध्ये थांबलेला दिसे, तेव्हा आपल्याला नेमके किती कळते आहे याचा अंदाज डोळ्यांना आपोआप येई. अंकांच्या पाटीने तो अंदाज पुसला, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र त्यावरचा उपायही त्याच पॅनेलवर आहे. एककाचे बटण दाबल्यानंतर पडद्याकडे परत पाहायचे, यंत्राने आपला आकडा जसाच्या तसा घेतला की बदलला ते वाचायचे. बाजूची मूल्येही वाचायची, कारण स्पॅन बदलला की अनेक यंत्रे बँडविड्थ आणि स्वीपचा वेळ आपणहून बदलतात. ज्या ॲनलायझरमध्ये 120 किलोहर्ट्झचा फिल्टर बसवलेलाच नाही, त्यावर 120 भरून किलोहर्ट्झ दाबले, तर तो जवळचा 100 घेतो आणि तसे पडद्याच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहितो. ती ओळ न वाचणाऱ्याच्या अहवालात बँडविड्थ 120 लिहिली जाते आणि मोजणी 100 ने झालेली असते.